टेपाखालचं बोट

ये गं सना, जवळ सरक. पाहुण्यासारखी दारात बसू नकोस, हे पत्र वाचायचंय तर मांडी घालून नीट वाच. मागच्या ईदला फोनवर तू काय म्हणालीस ते मी विसरले असेन असं तुला वाटत असेल, तर तुझी नानी तुला अजून कळलीच न्हाय. मी एवढंच विचारलं होतं, की बाई, दिवसभर त्या कॉम्प्युटरवर तू करतेस तरी काय? तू म्हणालीस, "नानी, जंगल पुढं किती वाढणार त्याचं मॉडेल करते. तुला नाही कळायचं ते." आणि फोन ठेवलास. नाही कळायचं! अगं, तुझी आई जन्मायच्या कितीतरी आधी चारशे झाडांची छाती मोजून कागदावर लिहिलेली बाई आहे मी. तुझ्या मॉडेलच्या पोटात जे आकडे जातात ते काय आभाळातून पडतात? कुणीतरी उन्हात उभं राहून, काटे टोचून घेऊन, झाडाच्या अंगावरून ते उतरवून आणलेले असतात. ते कसं असतं, ते सांगते. मधी बोलायचं नाही.

आमचं घर म्हणजे जंगलखात्याची चौकी. अणदूरच्या रस्त्यापासून दीड कोस आत, डोंगराच्या पायथ्याला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं शेळ्यांचा गोठा. अब्बा नाकेदार, म्हणजे रानाचे पहारेकरी, निजामाच्या काळात लागलेले. राज्य गेलं, दुसरं आलं, अब्बांच्या कमरेच्या पट्ट्यावरची पितळी चपरास, खात्याचा बिल्ला, तेवढी बदलली. रान तेच, काटे तेच. घरात आम्ही दखनीत बोलायचो, इथं मराठीत लिहिते एवढंच. सकाळी जाग यायची ती अम्मीच्या हातमशीनच्या आवाजानं. खटखट-खटखट, मधी थांबली की समजायचं दोरा तुटला, आता कुणाला तरी शिव्या बसणार. आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया झंपर शिवायला अम्मीकडंच यायच्या. अंबाड्याची भाजी चुलीवर रटरटतेय, लसणाच्या फोडणीचा वास सुटलाय, आणि अम्मी तोंडात टाचण्या धरून बाईच्या छातीभोवती पिवळा टेप फिरवतेय, हे माझ्या बालपणाचं चित्र. मी आठ वर्षांची असताना तिनं मला माप घ्यायला शिकवलं. तिचा एकच कायदा होता. टेपाखाली एक बोट घालायचं, मग आकडा वाचायचा. "माणूस जेवतं, श्वास घेतं, हसतं," ती म्हणायची, "त्याला एक बोट जागा पाहिजे. गच्च माप घेणारी शिवणारीण न्हाय, फास देणारी असती."

डोंगराच्या एका अंगाला, दगड रोवून चार कोपरे बांधलेला रानाचा एक तुकडा होता. लोक त्याला नंबरचं रान म्हणायचे, कारण तिथल्या प्रत्येक झाडावर नंबर होता. धावडा, खैर, सालई, अंजन, टेंभुर्णी, सगळी मिळून चारशेच्या वर. दरसाल दिवाळी सरली, गवत वाळलं, की अब्बांनी प्रत्येक झाडाचा घेर मोजून रजिस्टरात लिहायचा. साडेचार फुटांची काठी झाडाला लावायची, तिच्या टोकापाशी सुटी झालेली साल तरटानं घासून काढायची, आणि तिथंच टेप फिरवायचा. आज एवढं, पुढल्या साली एवढं, दहा वर्षांनी एवढं. मी विचारलं होतं, "अब्बा, झाड तर तोडायचं न्हाय, मग मोजायचं कैकू?" अब्बा म्हणाले, "साहेब लोक कागदावर जंगल वाढवून बघतेत बेटा. आपल्या आकड्यावरनं त्यांना कळतं, की तुझी पोरं म्हातारी होतील तवा हा डोंगर कसा दिसंल." मला ते इतकं आवडलं, की मी दोन दिवस तेच घोकत होते. बघ, तुझं मॉडेल मला तेव्हाच कळलं होतं.

राज्याबरोबर रजिस्टरही उर्दूतून मराठीत आलं. अब्बांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं, पण मराठी लिहायला बसले की कपाळाला घाम. मी शाळेत गेलेच नव्हते. पोरींना कोण पाठवतंय. उर्दू मी अब्बांच्या जुन्या रजिस्टरांवरून शिकले, मराठी बाजाराच्या पुड्यांच्या कागदांवरून. त्यामुळं लिहायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. अब्बा रानातून आकडे उर्दूत टिपून आणणार, मला सांगणार, मी चौकीत बसून मराठीत लिहिणार. मग एका साली माझ्या लक्षात आलं, की अब्बा आकडे अंदाजानं सांगायलेत. घरी टेप हातात घेतला तरी डोळ्यांपाशी नेतात, लांब नेतात, आणि गुंडाळून ठेवतात. मोतीबिंदू. झाडावर हात फिरवून हे धावडा, हे खैर एवढं त्यांना अंधारातसुद्धा सांगता आलं असतं, पण टेपावरच्या बारीक रेघा त्यांच्या लेखी पुसल्या गेल्या होत्या. हे खात्याला कळलं तर नोकरी जाणार, चौकी जाणार. मी म्हटलं, "अब्बा, उद्यापासून मी येते. तुमी काठी धरा, टेप मी वाचते."

अम्मीनं मशीन थांबवली. दोरा तुटला नव्हता तरी. "जवान पोरगी रानात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक पोट भरायलेत का आपलं?" त्याबद्दल एक चापट बसली, पण दुसऱ्या दिवशी भाकरी दोघांची बांधून मिळाली. अम्मीची परवानगी अशीच असायची, तोंडानं नाही, फडक्यात बांधलेली.

लोक म्हणायचे ते म्हणालेच. रानात डिंक गोळा करणारी शिवम्मा मावशी म्हणून एक होती, लिंगायताची विधवा, निम्मी कानडी, जीभ पळीभर लांब. मी धावड्याला मिठी मारल्यागत टेप फिरवायलेली बघून तिनं डोंगर दणाणून सोडला. "अगं बया! झाडाला झंपर शिवायलीस व्हय? बाही आखूड ठीव, वाऱ्याला बरी!" मी म्हटलं, "आधी तुमचं माप घिऊ का मावशी? टेप पुरंल का बघते." तेव्हापासून ती माझी झाली. कुणी वाकडं बोललं की तीच त्याला फाडून खायची.

पहिल्या साली सगळी झाडं मी मोजली. कशी मोजली? अम्मीनं शिकवलं तशी! टेपाखाली बोट घालून. हसतेस का? माझ्या हाताला दुसरं माप ठाऊकच नव्हतं. कुणाचंही माप घेताना बोट आपोआप टेपाखाली जायचं, वाढताना पळी पातेल्यात जावी तसं. अब्बा काठी धरून पलीकडं उभे, त्यांना काय दिसणार. मी आकडा मोठ्यानं वाचायची, ते म्हणायचे, "वा, चांगलं भरलंय!" आणि मीही फुगायची.

दुसऱ्या साली अब्बांची नजर आणखी गेली. तोल सावरायला ते झाडाला हात लावूनच उभे राहायचे. पहिल्याच खैरावर त्यांचा हात सरकत सरकत टेपावर आला आणि माझ्या बोटावर थांबला. "ये क्या है?" "बोट." "कैकू?" "अम्मी म्हणती, श्वास घ्यायला जागा पाहिजे." अब्बा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "अगं, झाड काय बिर्याणी खाऊन येणार हाय का? बोट काढ! टेप सालीला चिकटला पाहिजे." मीही हसले, बोट काढलं, आणि त्या साली सगळी झाडं नीट मोजली. मागच्या सालाच्या आकड्यांचं काय, हा विचार आम्हा बापलेकीच्या डोक्यात आलाच नाही. हसण्यात राहून गेला बघ. ही आमची चूक.

पंधरा दिवसांनी रेंजरसाहेब आले. नवीनच बदलून आले होते, तिकडचे कोकणातले, इस्त्रीची खाकी, बोलणं नाकातून. पडवीत खुर्ची टाकून दोन्ही सालांची पानं शेजारी शेजारी ठेवली. मी आतल्या पडद्याआड. "काय हो नाकेदार," ते म्हणाले, "तुमची झाडं आटायला लागली की काय? एकशे बारा नंबर गेल्या वर्षीपेक्षा पाव इंच कमी. एकशे तेरा तेवढंच. एकशे चौदाही कमी. झाडं आहेत की उपाशी माणसं?" अब्बांचा चेहरा राखेसारखा झाला. साहेब खाली वाकून हळू बोलले, "आठ दिवसांनी मोठे साहेब पाहणीला येताहेत. मला भानगड नको. मागच्या आकड्यात प्रत्येकी अर्धा इंच मिळवा आणि नवीन पान लिहून टाका. झाड काही साक्ष द्यायला येत नाही." अब्बा म्हणाले, "जी साहेब."

त्या 'जी साहेब'नं माझ्या अंगात काहीतरी पेटलं. चूक माझी होती, ते मला त्या क्षणाला कळलं होतं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, चौकीही राहिली असती. पण मग अब्बांनी मला सांगितलेला तो पुढचा डोंगर, तो खोट्या आकड्यावर उभा राहणार होता. मी पडदा सारून बाहेर आले. डोक्यावर ओढणी होती, पाय मात्र लटलटत होते.

"साहेब, यंदाचे आकडे बरोबर हायत. चुकलेत ते मागच्या सालाचे."

"तुला काय माहीत?"

"म्याच मोजलेत."

झालं. बोलून गेले. त्या एका वाक्यात अब्बांची नोकरी मी चव्हाट्यावर ठेवली. साहेब खुर्चीतून उठले. "म्हणजे सरकारी मोजणी ही पोरगी करते? नाकेदार, ही उद्यापासून त्या तुकड्यात दिसली तर तुमची चपरास काढून घेईन. मी माझा माणूस पाठवतो, तो लिहील पान." आणि रजिस्टर बगलेत मारून निघून गेले. माझी दोन सालांची मेहनत त्यांच्या बगलेत, इस्त्रीच्या खाकीला चिकटून.

त्या दुपारी भाकरी कुणीच मोडली नाही. अब्बा खाटेवर भिंतीकडं तोंड करून. अम्मी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मला वाटलं, आता ती म्हणणार, सांगितलं होतं ना. पण थोड्या वेळानं ती उठली आणि पिवळा टेप माझ्या अंगावर फेकला. "बोटानं किती फरक पडतो, दाखव." मी घरातलं दिसंल ते मोजलं. लाटणं, मुसळ, पडवीचा खांब, घागर, रांजण. एकदा बोट घालून, एकदा न घालता. अम्मी टक लावून बघत होती. शिवणारी बाई ती, आकडा लिहिता येत नव्हता पण टेप वाचायची गरुडाच्या नजरेनं. "थांब," ती म्हणाली. "मुसळाला जास्त धरतंय. रांजणाला कमी." मी परत मोजलं. खरंच. बारीक वस्तूला तेच बोट जास्त फुगवतं, जाड वस्तूला थोडं. "मग सगळ्यांना अर्धा इंच कसा चालंल?" अम्मी म्हणाली. "बारक्या पोरीला आन् तिच्या आजीला एकच मापाचा झंपर? तुझा साहेब शिवणकामात एक दिस टिकायचा न्हाय."

सना, एवढं मोठं शिक्षण तू घेतलंस, मला सांग, हे कुठल्या पुस्तकात असतं का? असेलही. माझ्या आईला ते मुसळावर कळलं. आणि जाता जाता सांगते, ज्या आकड्यांवर तू झाडं वाढवतेस, त्यांच्याखाली कुणाचं बोट राहिलंय का, ते कधीतरी विचारत जा.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी बंदी घातलेली असताना मी नंबरच्या रानात गेले. चोरून नाही, वाटेनं. पुढं अम्मी, बुरखा घातलेली, हातात पिवळा टेप. मागं शिवम्मा मावशी, तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण भांडण आहे म्हटल्यावर ती कशाला राहते. मोठे साहेब टोपी काढून झाडाखाली उभे होते, पिकलेल्या केसांचे, निजामी अमदानीत नोकरी केलेले; अब्बांची जुनी उर्दू पानं चष्म्याशिवाय वाचत होते. अब्बा बाजूला, हातात काठी. रेंजरसाहेबांचा चेहरा आम्हाला बघून वांग्यासारखा झाला.

मोठे साहेब रेंजरसाहेबांच्या माणसानं लिहिलेल्या नव्या पानावर बोट टेकवून विचारत होते, "खैर अर्धा इंच, धावडा अर्धा इंच, म्हातारं झाड अर्धा इंच, कोवळं झाड अर्धा इंच. हे जंगल आहे की पलटण? सगळे एका पावलानं चालायला?" रेंजरसाहेब म्हणाले, "पाऊस चांगला झाला सर." शिवम्मा मावशी मागून म्हणाली, "कवा? आमच्या विहिरीला कुणी कळवलं न्हाय!"

मोठ्या साहेबांनी वळून बघितलं. मग मी बोलले. सगळं सांगितलं, बोटासकट. रेंजरसाहेब मधी पडले, "सर, अडाणी पोर आहे, शिलाईवाल्या बाईची." मी म्हटलं, "व्हय, शिलाईवाल्या बाईचीच. म्हणून तर फरक सांगता येतो." आणि एक कोवळा धावडा आणि एक जुना अंजन, दोन्ही मोजून दाखवले, बोट घालून आणि काढून. मोठे साहेब खाली वाकून टेप वाचत होते. मग रेंजरसाहेबांना म्हणाले, "तुम्ही घाला बोट." त्यांचं बोट केळ्यासारखं जाड, आकडा तिसराच आला. शिवम्मा मावशी पदर तोंडात कोंबून हसायला लागली.

"म्हणजे मागचं साल दुरुस्त करायचं तर बोट याच पोरीचं लागणार," मोठे साहेब म्हणाले. "प्रत्येक झाड दोनदा मोजायचं. बोटासकट एक रकाना, बिनबोटाचा दुसरा. जो फरक येईल, तो त्या त्या झाडाच्या मागच्या आकड्यातून वजा." मग त्यांनी अब्बांकडं बघितलं. आवाज खाली आला. "नाकेदार, पोरगी का मोजते?"

मला वाटलं, आता अब्बा काहीतरी सांगतील, ताप होता, पाय मुरगळला होता. अब्बांनी पट्ट्यावरची चपरास स्वतःच्या हातानं सोडवली. "साहेब, दोन सालापासनं मला आकडा दिसत न्हाय. झाड दिसतं. आकडा न्हाय. पोरीनं खोटं लिहिलं न्हाय, खोटं मी बोललो, गप्प बसून." आणि चपरास त्यांनी साहेबांच्या हातावर ठेवली. मग रिकाम्या पट्ट्याचं बक्कल परत नीट लावलं.

नोकरी गेली, सना. खोटं कशाला सांगू. चौकी सोडून आम्ही गावात भाड्याच्या खोलीत आलो. मोठ्या साहेबांनी अब्बांना खात्याच्या रोपवाटिकेवर राखणीला ठेवलं, तिथं पान चाचपून ते रोपं वेगळी करायचे, त्याला डोळे लागत नाहीत. पण नाकेदार म्हणून जो मान होता तो गेला. "पोरीनं बापाची चपरास घालवली," असं बाजारात लोक माझ्या तोंडावर म्हणाले. म्हणू देत. अब्बांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, "घालवली न्हाय, उतरवली. लई जड झाली होती." तरीसुद्धा त्या खोलीत पहिला पावसाळा गळत्या पत्र्याखाली काढताना माझ्या मनात सारखं यायचं, की गप्प बसले असते तर? आज या वयात उत्तर देते. परत तीच वेळ आली तर परत पडदा सारून बाहेर येईन, आणि या खेपेला पायही लटलटू देणार नाही.

ते सगळं रान मी दोनदा मोजलं. बोटासकट आणि बिनबोटाचं. अम्मी काठी धरायची, बुरखा झाडाच्या फांदीला अडकवून. अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी हजेरीच्या कागदावर नाव घालायला कारकून आला. बायकांना मोजणीदार म्हणून लावायची रीत नव्हती, म्हणून मला मजुरात घातलं होतं. त्यानं शाईचा पॅड पुढं केला. "अंगठा लाव."

मी पॅड त्याच्याकडं परत सरकवला. "सही येती मला. कशात करू, उर्दूत का मराठीत?"

तो गोंधळला. "ह्या रकान्यात सहीला जागा नाही बाई, बायका अंगठाच लावतात."

"जागा न्हाय तर कडेला करते," मी म्हटलं, आणि दोन्ही लिप्यांत केली. कागदाच्या कडेपासून कडेपर्यंत. मग रजिस्टर ओढून घेतलं आणि माझ्या आकड्यांच्या प्रत्येक पानाखाली नाव लिहिलं, हमिदा, हमिदा, हमिदा. कारकून म्हणत राहिला, "अहो, हे सरकारी आहे!" मी म्हटलं, "मोजणं माझं हाय."

पुढं लग्न होईपर्यंत दरसाल ती मोजणी मीच केली, आणि लग्नानंतर तीन सालं तुझ्या नानांना टेपाचं दुसरं टोक धरायला लावून केली. मजूर म्हणूनच. कागदावर काय लिहिलंय त्यानं झाडाला फरक पडत नव्हता, मलाही पाडून घ्यायचा नव्हता.

ते रान अजून आहे. निम्मं गेलंय, पण धावडे उभे आहेत. आता तू मला शिकव तुझं मॉडेल, मी कान देऊन ऐकते. मात्र 'तुला नाही कळायचं' हे वाक्य घरी ठेवून ये. थंडी पडली की ये. चप्पल नको, बूट घालून ये, तिथं कुसळं लई. शिवम्मा मावशी गेली, अम्मी-अब्बा गेले, ती झाडं नावानिशी ओळखणारी मी एकटी उरलेय. गुडघे दुखतात, पण तुझ्या खांद्यावर हात ठेवून चढेन मी तेवढा डोंगर. फक्त पुढल्या साली, त्याच्या पुढल्या साली असं करत बसू नकोस बाई. दरसाल थोडं थोडं वाढत राहायला मी काही धावडा न्हाय. लवकर ये.